पेंटरभाऊजींचं वर्तुळ

वरच्या मजल्यावरच्या दारावरचं वर्तुळ खोटं आहे, हे मला जिन्यातूनच कळलं. फारच गोल होतं ते.

आरोग्य केंद्रातल्या तिघी सिस्टर गोवराच्या लशीसाठी पाळीपाळीने घरोघर फिरत होत्या. घरातल्या लशीच्या वयाच्या सगळ्या मुलांची लस झाली की दारावर खडूने वर्तुळ, कुणी राहिलं असेल तर फुली, आणि खाली मोठ्या सिस्टरचा फोन नंबर. इमारतीत चोवीस दारं, एका हातात लशींचा थंड डबा, त्यामुळे त्यांचं वर्तुळ म्हणजे घाईत काढलेला बटाटा. त्याची दोन टोकं कधी एकमेकांना भेटायची नाहीत. वहिनींच्या, म्हणजे माझ्या मोठ्या जावेच्या, दारावर मात्र कंपासने काढल्यासारखं वर्तुळ, आणि खालचे आकडे इतके देखणे की एखाद्या दुकानाच्या पाटीवर शोभावेत. शोभणारच. आमचे भाऊजी, म्हणजे माझे मोठे दीर, वीस वर्षं दुकानांच्या पाट्याच रंगवतायत. नंबर आमच्या दारावरून उतरवून घेतला, आणि वाकडं काढायचं ठरवूनही हाताने काही वाकडं काढलं नाही.

वर्तुळ दिसलं की दुसऱ्या दिवशीच्या सिस्टरला वाटायचं, काल आलेलीने उरकलं असेल. ती पुढच्या दाराकडे वळायची. म्हणजे आत असलेला चार वर्षांचा मुलगा लशीशिवाय राहिला. तो माझा पुतण्या. त्याला सगळे इंजिन म्हणतात, कारण तो जिना चालत उतरत नाही, शिट्टी वाजवत, कोपरं फिरवत उतरतो. आणि खाली आमच्या दाराशी त्याचं स्टेशन. तिथे माझी पिटुकली, वय सहा महिने. तिला लस मिळायला अजून तीन महिने अवकाश होता.

भांडण लशीपासून नव्हे, सक्तीपासून सुरू झालं. सरकारने कायदा आणला, लस नाही तर बालवाडीत प्रवेश नाही. त्यावरून शहर फाटलं ते थेट आमच्या घरापर्यंत. आम्ही नवराबायको सक्तीवाले. भाऊजी मर्जीवाले, नुसते मर्जीवाले नव्हेत, त्यांच्या पक्षाचे प्रभागातले चिटणीस. "माझ्या पोराच्या दंडात काय टोचायचं ते मी ठरवीन, मंत्री नाही," हे वाक्य त्यांनी स्वतः रंगवून गल्लीच्या तोंडाशी लावलं होतं. सुंदर अक्षर. मला त्या अक्षराचाही राग यायचा.

सासूबाई आमच्याकडे राहतात. त्या म्हणायच्या, "पक्ष गेले खड्ड्यात. दूध कोण आणणार ते सांगा."

मी सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेतलेली बाई. तीन वर्षं काचेच्या बशीत जंतू वाढवून पाहिले आहेत. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेला तरी हवेत गोवर तासभर, दोन तास राहतो, हे मला पाठ आहे. तेव्हा ते वर्तुळ पाहिल्यावर मी काय करायला हवं होतं? दारावरच नंबर होता. एक फोन.

मी फोटो काढला.

आमच्या सक्तीवाल्यांचा एक ग्रुप आहे. शिक्षिका, वकील, दोन डॉक्टर, बरीच शिकलेली मंडळी. आठवड्यापूर्वी नाल्यापलीकडच्या वस्तीत गोवराने एक मूल गेलं, तेव्हा कुणीतरी तिथे लिहिलं होतं, "तो सगळा पट्टा मर्जीवाल्यांना मत देतो. भोगा." त्याच्याखाली मी अंगठा दिला होता. पिटुकली मांडीवर पीत होती, एका हाताने दिला. आता त्याच ग्रुपवर मी वर्तुळाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "कलाकाराचं घर. पुढच्या निवडणुकीत या दारामागचं एक मत कमी."

चाळीस हसरे चेहरे आले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळपर्यंत फोटो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर उड्या मारत वहिनींच्या फोनपर्यंत पोचला. त्या खाली आल्या. दार वाजवलं नाही, जिन्यातच उभ्या राहिल्या, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा.

"बाहेर ये गं विदुषी! माझ्या पोराचं मत मोजतेस होय?"

"वहिनी, मी विनोदाने—"

"विनोद? तुझी तान्ही आहे ना आत? तिच्यावर कर एखादा. बघू जमतोय का."

"माझ्या तान्हीला तुमच्यामुळे धोका आहे! खोटं वर्तुळ काढताना लाज नाही वाटली?"

"वर्तुळ ह्यांनी काढलं. तू जे लिहिलंस ते तूच लिहिलंस."

मी सांगितलं, इंजिनने यापुढे खाली यायचं नाही. त्या म्हणाल्या, तुझ्या दारात थुंकायलाही पाठवणार नाही. माझा नवरा आतून म्हणाला, "जाऊ दे, त्या लोकांशी काय बोलायचं." त्या लोकांशी. सख्ख्या भावाच्या घराबद्दल बोलत होता. सासूबाई भाजी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. आणि केंद्रात फोन मी त्यानंतरही केला नाही. आता केला असता तर वहिनींना वाटलं असतं मी सूड घेतला. खरं म्हणजे मला वाटत होतं, त्यांची अद्दल त्यांनाच घडू दे.

दोन आठवडे इंजिन आमच्या मजल्यावरून जाताना शिट्टी बंद करायचा. आईचा हात धरून, भिंतीकडे तोंड करून उतरायचा.

मग तो सोमवार. सकाळी दहा वाजता मी आंघोळीला गेले. बाहेर आले तर पाळणा रिकामा. मी ओल्या केसांनी जिन्यात धावले. सासूबाई पिटुकलीला कडेवर घेऊन जिना उतरत होत्या.

"तो रडत होता गं, बाळ दाखवा म्हणून. नेली अर्धा तास. काय झालं मोठं?"

"त्याला बरं होतं का?"

"नाकातनं पाणी येत होतं जरा. डोळे लाल. रडला होता ना."

मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "माझी दोन्ही नातवंडं एका खोलीत बघितली, दोन आठवड्यांनी. तुझ्या शास्त्रात त्याला काय म्हणतात ते म्हण." आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं.

मंगळवारी जिना गप्प. दुसरं कुणी असतं तर लक्षातही आलं नसतं, पण मूल झाल्यापासून माझे कान सतत टवकारलेले असतात. एकदाही पावलं नाहीत. सासूबाई विचारून आल्या, तर वहिनींनी दार अर्धवट उघडून सांगितलं, तो मामाकडे गेलाय.

बुधवारी दुपारी मी कपडे वाळत घालायला आमच्या मजल्याच्या मागच्या गच्चीवर गेले आणि वर पाहिलं. भर उन्हाच्या वेळी वरच्या खिडकीवर आतून जाड गोधडी टांगलेली. आणि त्यांच्या दोरीवर सहा छोटे बनियन. एकाच दिवसाचे. शेजारी चौकोनी फडक्यांची रांग, कपाळावर ठेवतात तेवढ्या मापाची. मामाकडे गेलेल्या मुलाचे बनियन दिवसातून सहा वेळा घामाने भिजत नाहीत. आणि उजेड सहन होत नाही म्हणून खिडकी झाकावी लागणारा आजार कोणता, ते मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते.

मी घड्याळ पाहिलं. साडेचार.

फेरीच्या वेळी मी सिस्टरना विचारून ठेवलं होतं. बाळ सहा महिन्यांच्या पुढे असेल आणि गोवराच्या रुग्णाच्या सहवासात आलं, तर त्याला लस लवकर देता येते. पण बहात्तर तासांच्या आत. सोमवार सकाळी दहा ते गुरुवार सकाळी दहा. साडेचोपन्न तास गेले होते. पण इंजिनला गोवरच आहे, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. संशयावर केंद्रातली कुपी फोडत नाहीत.

मी वर गेले. दारावरचं वर्तुळ तसंच होतं, अजून सुरेख.

"वहिनी."

आत पावलं थांबली.

"वहिनी, इंजिन मामाकडे नाहीये. मला माहितीये."

"मग? पोलीस आणलेस?"

"पुरळ कधी उठलं? तेवढं सांगा. आज उठलं ना?"

"कशाला हवंय? फोटो काढायचाय? थांब, त्याला सरळ बसवते."

"पिटुकली सोमवारी अर्धा तास त्याच्याजवळ होती. उद्या दहापर्यंत तिला लस मिळाली तर—"

"अच्छा." दारापलीकडून आवाज एकदम जवळ आला. "तुझी. मला वाटलं त्याचं विचारायला आलीस."

त्याचं विचारायला मी आले नव्हते. जिना चढताना एका पायरीवरही तो मनात नव्हता.

"कसा आहे तो?" मी विचारलं.

"आता विचारू नकोस. शिकवल्यावर विचारलेलं मला नको."

"वहिनी, दार उघडा. श्वास जोरात चाललाय का त्याचा? फासळ्या आत ओढल्या जातात का?"

दारापलीकडून, हलक्या आवाजात, "कालपासून."

"मग सिस्टरना का नाही बोलावलंत?"

"बोलावते! आणि उद्या तुम्ही चाळीस जण दात काढाल! हे म्हणाले, कुणाला कळता कामा नये. तुझी जाऊ पाटी लावेल, चिटणिसाच्या घरात गोवर. आणि तू लावलीच असतीस. खरं सांग. नसतीस लावली?"

मी खरं सांगितलं. "लावली असती."

आत त्या हसल्या की हुंदका होता, कळलं नाही.

"तो फोटो मी आत्ता पुसते," मी म्हणाले.

"पुसून काय होतंय? सगळ्यांनी चघळून झालाय. लिही. तिथेच, तुझ्या नावाने. मी सांगते ते लिही."

मी पायरीवर बसून फोन काढला. त्यांनी दारापलीकडून सांगितलं, मी टाइप केलं. "त्या दारामागे माझा पुतण्या आहे. चार वर्षांचा. त्याला गोवर झालाय. त्याला मत नाही. मी त्याच्या मरणावर विनोद केला होता." शेवटच्या वाक्याला अंगठा थबकला. मी मरण हा शब्द लिहिला नव्हता, असं म्हणणार होते. पण त्या विनोदात दुसरं होतं काय?

पाठवलं.

"काय म्हणतायत?" वहिनींनी विचारलं.

"अजून काही नाही."

"वाच. जे येईल ते वाच."

पहिला आला तो हसरा चेहरा. मी सांगितलं, हसरा चेहरा. मग एका वकिलांचं, "झालं ना सिद्ध!" मग कुणाचं तरी, "आता सरकारी खाटा अडवतील हेच लोक." मग आमची शिक्षिका मैत्रीण, जी पिटुकलीच्या जन्मानंतर तीन दिवस आमच्या घरी राबली होती, तिने लिहिलं, "तू भावनेच्या भरात वाहू नकोस. अशा घरांमुळेच आपली मुलं मरतात." एका डॉक्टरांनी विचारलं, "श्वास कसा आहे? मुलाला ताबडतोब दाखवा." त्याच्यावर लगेच तिसऱ्याने, "डॉक्टर, तुमची दया चुकीच्या ठिकाणी."

मी सगळं वाचलं. एकही गाळलं नाही. वाचताना माझा आवाज मलाच ओळखीचा वाटत होता, कारण यातलं कुठलंही वाक्य माझं असू शकलं असतं.

कडी निघाली.

वहिनींचे केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. त्यांनी स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. त्यांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, "ताप वगैरे असेल तर घरीच ठेवा. केंद्रवाल्यांना कळवू नका, ते आपल्या मुलांवर आकडे वाढवतात." खाली पंचवीस अंगठे. त्यातला एक भाऊजींचा.

खोलीत अंधार. इंजिन गादीवर कुशीवर पडलेला, चेहऱ्यापासून छातीपर्यंत लाल चट्टे एकमेकांत मिसळलेले, ओठ फुटलेले. श्वासागणिक फासळ्यांमध्ये खड्डे पडत होते. आणि एवढं बघूनही मनात पहिलं काय आलं ते सांगते. "मी सांगितलं होतं ना!" हेच आलं. स्वतःचीच शिसारी आली, पण ते आलं.

"काकू," तो म्हणाला, "शिट्टी वाजत नाही."

मी बाहेर जाऊन दारावरचा नंबर फिरवला. भाऊजींच्या अक्षरातला नंबर. एकही आकडा चुकला नव्हता.

मोठ्या सिस्टर वीस मिनिटांत आल्या. त्यांनी मुलाची नखं पाहिली, छातीला कान लावला, मग फोनवर गाडी मागवली आणि मला जिन्यात घेतलं.

"पुरळ आज सकाळचं. सोमवारी बाळ जवळ होतं म्हणता. उद्या आठला केंद्राच्या दारात या. मी फ्रीज उघडून ठेवते. नऊ म्हणू नका."

"सिस्टर, हे वर्तुळ..."

"दिसतंय मला. आमच्यापैकी कुणाला इतकं गोल येत नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तो फोटो मलाही आला होता. चार जणांकडून, पण फक्त दार. कुणाचं घर ते एकानेही लिहिलं नव्हतं. मी तीन इमारती शोधल्या. तुम्ही काढला होता?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"शिकलेल्या दिसता," त्या म्हणाल्या आणि खाली गाडी बघायला गेल्या.

इंजिनला खाली नेताना भाऊजी सभेहून परतले. हातात रंगाचा डबा, नवी पाटी काखेत. "कुणी बोलावलं यांना?" ते ओरडले. वहिनी म्हणाल्या, "मी." खरं तर मी बोलावलं होतं. भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की माझा हात आपोआप कठड्यावर गेला. मग इंजिन खोकला, आणि त्या खोकल्यापुढे त्यांची पाटी काखेतून निसटून चार पायऱ्या खाली गेली. कुणी उचलली नाही.

गुरुवारी आठ वाजून वीस मिनिटांनी पिटुकलीच्या मांडीत सुई गेली. ती भोकाड पसरून रडली. सिस्टर म्हणाल्या, "वेळेत आहे. पण हमी नाही, शक्यता आहे. दोन आठवडे डोळ्यांत तेल घालून बघा. आठव्या-दहाव्या दिवशी लशीचाही ताप येतो कधी कधी. आला की कळवा, लपवू नका."

दुपारी त्या आमच्या दारावर आल्या आणि वर्तुळ पुसून फुली मारली. रुग्णाच्या सहवासातलं घर. संध्याकाळी पहिल्या मजल्यावरचा एकजण जिन्यात थांबून त्या फुलीचा फोटो काढत होता. मर्जीवाला. मी दाराच्या फटीतून पाहिलं. खाली तो काय लिहील तेही मला शब्दशः सुचत होतं, माझ्याहून बरं त्याला जमलं असेल की नाही शंका आहे. शिक्षिका मैत्रीण चार दिवस फोन घेईना. नंतर निरोप आला, "काळजी घे. सध्या भेटायला नको." बरोबर आहे. मीही हेच लिहिलं असतं.

इंजिन सहाव्या दिवशी घरी आला. काठीसारखा, पण आला. वहिनी माझ्याशी बोलत नाहीत. मीही बोलत नाही, कारण ते वर्तुळ अजून माझ्या घशात आहे आणि माझं वाक्य त्यांच्या. भाऊजी दिसले तर मी आत जाते. माझा नवरा म्हणतो, "त्यांनी माफी मागायला हवी." त्याच्या भावाचा मुलगा सहा दिवस हॉस्पिटलात होता, त्यातले तीन ऑक्सिजनच्या नळीवर, तो एकदाही गेला नाही. मी त्याला तसं म्हटलं, तर म्हणाला, "तू कोणाच्या बाजूची?"

फक्त रोज सकाळी मी मागच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले की वरून आवाज येतो.

"ताप?"

"नाही."

खिडकी बंद. तेवढंच. हॉस्पिटलातून त्या कपडे घ्यायला घरी यायच्या, तेव्हाही खिडकीतून हेच विचारून जायच्या.

लशीनंतर नवव्या दिवशी सकाळी पिटुकलीचं अंग गरम लागलं. थर्मामीटर, शंभर पॉइंट चार. लशीचा असेल. नसेलही. मी तिला खांद्यावर घेऊन, एका हाताने बादली ओढत गच्चीवर गेले, कारण गेले नसते तर वरून दिसलं असतं की मी आले नाही.

"ताप?"

नाही, हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. अख्खा. पहिल्या मजल्याचा तो फोटोवाला, वहिनींच्या ग्रुपवरची पंचवीस माणसं, "सक्तीवाल्यांची लस, सक्तीवाल्यांचा गोवर," सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. दार लावावं, गोधडी टांगावी, पिटुकली माहेरी गेलीय म्हणून सांगावं.

"अगं, ताप आहे का विचारतेय."

"आहे," मी म्हणाले. "शंभर पॉइंट चार. आत्ताच."

वरची खिडकी पूर्ण उघडली.

"डोळे बघ. लाल आहेत? पाणी येतंय?"

मी पिटुकलीचं तोंड उजेडाकडे वळवलं. तिने डोळे मिटले नाहीत. माझ्या नाकाकडे हात केला.

"नाहीत."

"तोंडात, गालाच्या आतल्या बाजूला? पांढरे कण? त्याला आधी तिथे आले होते. मी साखर समजले."

"मला... मला नीट दिसत नाहीये, वहिनी. हात थरथरतोय."

"पदवी घेऊन हात थरथरतो." खिडकी आपटली. मग जिन्यात चपलांचा आवाज, भरभर. त्याच्यामागे एक अगदी बारीक, मध्येच तुटणारी शिट्टी, आणि वहिनींचा ओरडा, "तू वरच थांब रे!"

त्या दारात आल्या. फुलीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. बोटाला फडकं गुंडाळलं होतं.

"मी तुला माफ केलेलं नाहीये," त्या म्हणाल्या. "दिवा लाव. आणि सिस्टरना फोन लाव, मी तोंड बघेपर्यंत."

मी दिवा लावला.